स्पिटफायरच्या विंडस्क्रीनखालची फट

प्लास्टिकच्या किटमधून १/७२ मापाचं, म्हणजे खऱ्यापेक्षा ७२ पट लहान, स्पिटफायर लढाऊ विमानाचं मॉडेल जोडताना विंडस्क्रीन, म्हणजे कॉकपिटची पुढची काच, बसवली की तिच्या बुडाशी, इंधन टाकीच्या झाकणाला ती टेकते तिथे, पुष्कळदा एक बारीक काळी फट उरते. मोजली तर ०.३ मिलिमीटर, म्हणजे साध्या कागदाचे तीन ताव सरकतील एवढी. ०.३ ला ७२ ने गुणा: २१.६ मिलिमीटर. खऱ्या विमानात त्या जागी दोन सेंटिमीटरची फट असती तर वैमानिकाच्या तोंडावर सगळा वारा आला असता. १/४८ मध्ये ०.२ मिलिमीटरची फटसुद्धा खऱ्या मापात जवळजवळ एक सेंटिमीटर होते. म्हणूनच रंगकाम कितीही नेटकं असलं तरी नजर नेमकी तिथेच अडते.

आणि ही फट पंखाच्या सांध्यासारखी बुजवता येत नाही. पंखाच्या मुळाशी पुटी थापली, वाळली, घासली, विषय संपला. इथे एका बाजूला काच, म्हणजे किटमधलं पारदर्शक प्लास्टिक, आहे. सॉल्व्हंट लागलं की ती बिघडते, सँडपेपर लागला की ओरखडते, आणि आत काही सांडलं तर ते बाहेरून दिसत राहतं. म्हणून पारदर्शक भागाजवळ एकच गोष्ट धरून चालायचं: वाळल्यावर घासावी लागेल अशी पुटी तिथे वापरायचीच नाही. जे घासायचं ते काच बसण्याआधी घासून घ्यायचं, आणि नंतर जे भरायचं ते ओलं असतानाच पुसून सपाट करायचं.

कुठली बुजवायची, कुठली ठेवायची

स्पिटफायरची विंडस्क्रीन विमानाच्या अंगाला पक्की बसवलेली असते. तिच्या बुडाशी फट नसते, पत्र्याला पत्रा भिडल्याची रेघ असते. तिच्या मागचा हूड, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं काचेचं झाकण, मात्र रुळांवर सरकतो. त्याची पुढची कड, मागची कड आणि दोन्ही बाजूंचं बूड इथल्या रेघा खऱ्या आहेत, त्या बुजवल्या तर हूड जाम झाल्यासारखा दिसतो. त्यामागची काच पुन्हा स्थिर. म्हणजे तीन तुकड्यांतला पहिला आणि तिसरा बुजवायचा, मधला मोकळा ठेवायचा. किटमध्ये बंद कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचं काचेचं आवरण, एकाच तुकड्यात ओतलेली असेल तर पुटी हूडच्या हद्दीपर्यंत नेऊन तिथेच थांबवायची.

मिग-२१ चं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं. भारतीय हवाई दलाने १९६३ पासून २६ सप्टेंबर २०२५ पर्यंत हे विमान चालवलं. त्याच्या एफ-१३ या सुरुवातीच्या प्रकारात विंडस्क्रीनसकट सगळी कॅनोपी पुढच्या बाजूच्या बिजागरीवर उघडते, त्यामुळे भोवतीची पूर्ण रेघ राखायची. एमएफ किंवा बिस हे नंतरचे प्रकार करत असाल तर विंडस्क्रीन स्थिर आणि मागची कॅनोपी उजवीकडे कलणारी. तिथे फक्त विंडस्क्रीनचं बूड भरायचं. चेतक हेलिकॉप्टर, म्हणजे मूळचं ॲल्युएट-३, याची जवळजवळ सगळी केबिनच काचेची आहे आणि दारांच्या कडा उघड दिसतात. छत आणि नाक यांचे सांधे भरायचे, दारांचे नाहीत. शंका असेल तर उघड्या कॅनोपीचा फोटो शोधायचा. जे उघडतं तिथे फट खरी.

काच वेगळी का वागते

किटचं करडं प्लास्टिक आणि पारदर्शक प्लास्टिक दोन्ही पॉलिस्टायरीनच. करड्यात थोडं रबर मिसळलेलं असतं, म्हणून ते वाकतं, दाब सोसतं. रबर घातलं की पारदर्शकता जाते, त्यामुळे काचेच्या भागात ते नसतं. हा भाग कडक आणि ठिसूळ होतो. साच्यात थंड होताना त्याच्या आत ताण अडकून राहतो. अशा ताणलेल्या जागी ॲसिटोन, टोल्यूइन किंवा लॅकर थिनर पोचलं की केसासारखे बारीक तडे उमटतात. ते वरवरचे नसतात, आत शिरलेले असतात, पॉलिशने जात नाहीत. गेटजवळ, म्हणजे स्प्रूच्या दांडीला भाग जिथे जोडलेला असतो तिथे, हा ताण जास्त असतो. म्हणून काच दांडीवरून मोडून काढायची नाही. निपरने आधी लांबून कापायची, मग उरलेला ठोंब दोन-तीन वेळा थोडा थोडा छाटायचा. एकाच दाबात मुळाशी कापली की कडेत चंद्रकोरीसारखा तडा जातो.

दुसरी अडचण जाडीची. खऱ्या विमानाची काच प्रमाणात कागदाएवढी पातळ व्हायला हवी, साच्यात ती एक मिलिमीटरच्या आसपास असते. या जाड कडेतून प्रकाश आत शिरतो आणि कडेखाली जे असेल ते उजळून दाखवतो: पांढरी पुटी, गोंदाचा बुडबुडा, करडं प्लास्टिक. उपाय सोपा आहे, पण तो चिकटवण्याआधीच करावा लागतो. काचेची खालची जाड कड मॅट काळ्या किंवा कॉकपिटच्या आतल्या रंगाने, ब्रशने, रंगवून घ्यायची. अर्ध्या तासाचं काम. ते केलं नाही तर पुढे पुटी कितीही सुबक भरली तरी आतून ती पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसत राहते.

कोरडी जुळवाजुळव

फट आहे म्हणून लगेच पुटीकडे हात न्यायचा नाही. आधी फट का आहे ते शोधायचं. विमानाचे दोन अर्धे जोडण्यापूर्वी टेपने बांधून, आत कॉकपिट ठेवून, वर काच ठेवून पाहायची. मागून टॉर्च धरली की प्रकाशाची रेघ जिथे रुंद होते तिथे फट आहे, आणि जिथे उजेड अजिबात येत नाही तिथे काच टेकून अडली आहे. कारण बहुधा त्या अडलेल्या जागी सापडतं. उपकरणांच्या पॅनेलचा वरचा काठ अर्धा मिलिमीटर उंच राहिलेला असतो, गनसाईट, म्हणजे नेम धरायचं उपकरण, काचेला लागत असते, सीटमागचं चिलखत वर आलेलं असतं, किंवा काचेच्या कडेला गेटचा खडा तसाच उरलेला असतो. एवढं तासलं की निम्म्या फटी आपोआप मिटतात.

काच अंगापेक्षा रुंद असेल, दोन्ही बाजूंना पायरी होत असेल, तर काच घासायची नाही, अंग फुगवायचं. कॉकपिटच्या मागे, दिसणार नाही अशा जागी, स्प्रूच्या दांडीचा तुकडा आडवा बसवला की भिंती दोन दशांश, तीन दशांश मिलिमीटर बाहेर सरकतात. हे अर्धे चिकटवतानाच जमतं. त्यानंतर काहीही केलं तरी प्लास्टिक मागे ओढतं आणि आठवड्याभराने काच सुटते.

काचेचं बूड सपाट असायला हवं असेल आणि ते डुगडुगत असेल, तर आरशाच्या तुकड्यावर ६०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून चिकटवायचा आणि काच त्यावर आठाच्या आकड्यात हलक्या हाताने फिरवायची. बाहेरून मास्किंग टेपचे दोन थर आधी लावून घ्यायचे, म्हणजे बोट घसरलं तरी ओरखडा टेपवर पडेल.

अर्ध्या मिलिमीटरपेक्षा मोठी फट पुटीने भरू नये. तिथे प्लास्टिकची पट्टी हवी. स्टायरीन शीट ०.१३, ०.२५ आणि ०.५ मिलिमीटर जाडीत मिळते. फटीच्या मापाची किंवा किंचित जाड पट्टी कापून ती अंगाच्या बाजूला, काचेच्या नव्हे, पातळ सिमेंटने, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या मॉडेलच्या द्रव गोंदाने, चिकटवायची. एक दिवस कडक होऊ द्यायची, मग काच लावून पाहत पाहत घासून मापात आणायची. या टप्प्यावर काच हातात सुटी आहे, तिला काहीच होणार नाही. एवढं झालं की उरते ती एक-दोन दशांश मिलिमीटरची रेघ, आणि पुटीचं खरं काम तेवढंच.

चिकटवताना

साधा पांढरा फेव्हिकॉल, किंवा मॉडेलसाठीचा तशाच जातीचा गोंद, हा इथला सर्वात समजूतदार पर्याय. तो पाण्याने पुसता येतो, वाळल्यावर जवळजवळ पारदर्शक होतो आणि काही बिघडलं तर ओल्या ब्रशने मऊ करून काच पुन्हा काढता येते. पकड बेताची असते, पण विंडस्क्रीनवर कोणी भार टाकत नाही. टूथपिकच्या टोकाने बारीक थेंब ठेवायचे, काच बसवायची, टेपने आवळायची, रात्रभर सोडायची. कोकणात किंवा मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये एका रात्रीने भागत नाही, दोन दिवस द्यावेत. आत अडकलेला गोंद दुधाळ दिसतो तोवर तो वाळलेला नाही.

फेविक्विकसारखा सायनोॲक्रिलेट गोंद काचेजवळ आणू नये. त्याची वाफ हवेतल्या ओलाव्याने पृष्ठभागावर घट्ट होते आणि पांढरा धुरकट थर बसवते. गुन्हे अन्वेषणाच्या प्रयोगशाळांत बोटांचे ठसे उठवायला हीच वाफ वापरतात, म्हणजे काचेच्या आतल्या बाजूला तुमच्या बोटाची खूण राहिली असेल तर तीही लख्ख उमटते. बंद कॅनोपीत वाफेला बाहेर जायला वाट नसते, आणि पावसाळ्यात ओलावा मुबलक. गोंद लवकर कडक करणारा स्प्रे तर त्याहून वाईट, त्यातलं सॉल्व्हंट काचेला तडे पाडतं.

टामिया एक्स्ट्रा थिनसारखं पातळ सिमेंट काही जण फ्रेमच्या कोपऱ्यांत टेकवतात. जोड झकास होतो. पण हे द्रव फटीतून आपसूक ओढलं जातं, ते कुठे थांबेल हे आपल्या हातात नसतं, आणि फ्रेमच्या पट्टीपलीकडे अर्धा मिलिमीटर गेलं तरी काचेवर डाग कायमचा. स्पिटफायरच्या विंडस्क्रीनला ते करण्यात अर्थ नाही.

अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने घट्ट होणारं रेझिन मात्र कामाचं आहे. धूर होत नाही, काही सेकंदांत कडक होतं, आणि काच पारदर्शक असल्याने प्रकाश आतपर्यंत पोचतो. अट एकच: कड रंगवलेली असेल तर प्रकाश अडतो आणि खालचं रेझिन चिकट राहतं. म्हणून कड रंगवायची की रेझिन वापरायचं, हे आधीच ठरवावं.

भरणं

गॅरेजवाले गाडीच्या पत्र्यावर लावतात ती लांबी, आणि ट्यूबमधली राखाडी मॉडेल पुटी, दोन्ही सॉल्व्हंटवाल्या. अंगावर चालतात, काचेशेजारी नाहीत. एकतर त्या वाळताना प्लास्टिकमध्ये चावतात, आणि दुसरं, घासल्याशिवाय त्या सपाट होत नाहीत.

इथे हवी पाण्यावरची ॲक्रिलिक पुटी. व्हॅलेहोची प्लास्टिक पुटी किंवा परफेक्ट प्लास्टिक पुटी या जातीची. फटीच्या दोन्ही बाजूंना टेप लावून घ्यायची. अंगाच्या बाजूला सांध्यापासून अर्धा मिलिमीटर सोडून, काचेच्या बाजूला फ्रेमच्या खालच्या पट्टीच्या वरच्या काठाला धरून. म्हणजे पुटी पट्टीवर चढली तरी ती पुढे रंगाखाली जाणार, काचेवर जाणार नाही. पुटी ट्यूबमधून थेट सोडायची नाही. प्लास्टिकच्या झाकणावर मुगाच्या दाण्याएवढी काढायची आणि टूथपिकने किंवा जुन्या शून्य नंबरच्या ब्रशने फटीत दाबून भरायची, एका वेळी एक सेंटिमीटर. उन्हाळ्यात ती पसरेपर्यंत वाळायला लागते, त्यामुळे विंडस्क्रीनची पूर्ण परिक्रमा एका दमात करायला जाऊ नये.

पुसण्याची रीत महत्त्वाची आहे. बहुतेक जण लगेच ओला इअरबड फिरवतात. इअरबडचं टोक गोल आणि मऊ, ते फटीत शिरून पुटी उकरून काढतं आणि मागे नाली राहते. पहिला हात सिलिकॉनच्या चपट्या टोकाच्या ब्रशने किंवा ओल्या बोटाच्या मांसल भागाने मारायचा, फटीच्या दिशेने, आडवा नाही. आडवं पुसलं की पुटी बाहेर ओढली जाते. इअरबड त्यानंतर, आणि तोही फक्त आजूबाजूचा पसारा पुसायला. तो बुडवल्यावर टिश्यूवर दाबून जवळजवळ कोरडा करायचा. पाणी जास्त झालं तर पुटीचं दूध होतं, ते फटीतून आत उतरतं आणि विंडस्क्रीनच्या आतल्या बाजूला पांढरा ओघळ वाळतो. बाहेरून तिथे हात पोचत नाही. या सगळ्या कामात भरून न येणारी चूक हीच, आणि ती पाण्याच्या एका जादा थेंबाने होते.

पुटी ओली असतानाच टेप काढायची. तासाभराने पाहिलं तर फट किंचित खचलेली दिसेल, कारण पाणी उडालं की पुटी आक्रसते. दुसरा, त्याहून पातळ हात. क्वचित तिसरा. मग रात्रभर राहू द्यायचं. दुसऱ्या दिवशी थोडी खरबरीत कड दिसली तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे करून त्यात टेकवलेला इअरबड हलकेच फिरवायचा. ही पुटी अल्कोहोलने पुन्हा मऊ होते, पॉलिस्टायरीनला त्याने काही होत नाही. अल्कोहोलऐवजी नेलपेंट रिमूव्हर उचलू नका, त्यात बहुधा ॲसिटोन असतं.

या पुटीची एक उणीव लक्षात ठेवावी. ती ठिसूळ आहे, तिच्यावर नव्याने रेघ कोरता येत नाही, कपच्या उडतात. जिथे पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडाची रेघ, पुन्हा कोरायची आहे तिथे ती नको.

एक दशांश मिलिमीटरच्या रेघेला पुटीही जड पडते. तिथे फेव्हिकॉल एकास एक पाणी घालून ब्रशने सोडायचा, तो स्वतःच आत ओढला जातो. मात्र तो फार आक्रसतो, तीन-चार हात लागतात, आणि वाळल्यावर रबरासारखा होतो, घासायला गेलं तर सालपटं निघतात. अंग आणि काच यांच्यात मुळातच हलका वळसा असेल तिथे तो छान दिसतो, धारदार कोपऱ्यात तो कोपरा बोथट करतो.

विंडस्क्रीनच्या पुढे पत्र्याचा उतार घडवायचा असेल, किंवा अंगात आणि काचेत पायरी असेल, तर दोन भागांची एपॉक्सी पुटी घ्यावी. मिलिपुटचा बारीक पांढरा प्रकार यासाठी उत्तम. दोन्ही कांड्यांतून सारखा भाग घेऊन, रंगाच्या रेषा पूर्ण मिटेपर्यंत, साधारण पाच मिनिटं मळायचा. मग पंधरा-वीस मिनिटं बाजूला ठेवायचा, कारण ताजा फार चिकटतो. शेवयासारखी बारीक वळी करून सांध्यावर ठेवायची, ओल्या ब्लेडच्या पाठीने दाबायची आणि ओल्या चपट्या ब्रशने कडा शून्यावर आणायच्या. हाताशी साधारण तासभर असतो. ही पुटी आक्रसत नाही, हा तिचा मोठा गुण. कडक व्हायला तीन-चार तास, पण रात्रभर दिलेली बरी. काचेवर तिचा दुधी पापुद्रा राहतो, तो त्याच वेळी पुसायचा, दुसऱ्या दिवशी निघत नाही. नळ बुजवायचं एम-सील याच जातीचं असलं तरी त्याचा कण जाड आहे, पातळ कडेला ते भुरभुरतं. आतून आधार द्यायला वापरा, वर दिसेल तिथे नको.

तरीही घासावं लागलंच तर

काचेवर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावायची. मास्किंग टेप सँडपेपरखाली फाटते, ही टिकते. कॉकपिटला कुठेही उघडी वाट असेल तर तिथे ओल्या स्पंजचा तुकडा कोंबायचा. घासलेली भुकटी स्थिर विद्युतभाराने काचेच्या आतून जाऊन चिकटते आणि बंद कॅनोपीतून ती काढणं अशक्य. घासायचं ते ८०० किंवा १००० च्या वॉटर पेपरच्या दोन-तीन मिलिमीटर रुंद पट्टीने, ओलं करून, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून.

काचेला ओरखडा लागलाच तर घाबरायचं कारण नाही, ओरखडा म्हणजे तडा नव्हे. १५०० आणि २००० चा कागद, मग मायक्रो-मेशच्या पट्ट्या ३६००, ६०००, ८०००, १२००० अशा क्रमाने, प्रत्येक वेळी आधीच्या दिशेला काटकोनात. आधीच्या कागदाच्या रेषा पूर्ण गेल्याशिवाय पुढच्यावर जायचं नाही. शेवटी टामियाचं फाइन आणि मग फिनिश पॉलिशिंग कंपाउंड, मऊ सुती कापडाने. दाब देऊ नये, घर्षणाने प्लास्टिक तापतं आणि धुरकटतं. चमकदार ॲक्रिलिक वार्निशचा एक पातळ हात उरलेल्या सूक्ष्म रेषा भरून काढतो.

रंग आणि शेवटची रेघ

काचेवर मास्क, म्हणजे रंग लागू नये म्हणून लावायच्या चिकटपट्ट्या, चढल्यावर फ्रेमवर आधी कॉकपिटचा आतला रंग फवारायचा, मग प्रायमर, मग बाहेरचा रंग. आतून पाहणाऱ्याला फ्रेम आतल्याच रंगाची दिसते. याचा दुसरा फायदा असा की पहिला रंग बसताच पुटीतला प्रत्येक खड्डा उघडा पडतो आणि दुरुस्तीला अजून वेळ असतो. लॅकर प्रायमर फवारत असाल तर ॲक्रिलिक पुटीवर तो ओला थापायचा नाही, पुटी मऊ होऊन सुरकुतते. तीन-चार कोरडे, हलके थर, मध्ये दहा-दहा मिनिटं.

सगळे रंग झाले, वार्निश झालं, मग मास्क काढायचे, सुरीच्या टोकाने कोपरा उचलून आणि पट्टी स्वतःवरच दुमडत ओढून. या वेळी कधी कधी फ्रेम आणि अंग यांच्यामध्ये केसाएवढी काळी रेघ पुन्हा दिसते, कारण हाताळताना सांधा किंचित सैलावलेला असतो. तेव्हा पुटी उघडायची नाही. अंगाचाच ॲक्रिलिक रंग, तेवढाच फेव्हिकॉल आणि दोन थेंब पाणी एकत्र करून तीन शून्य नंबरच्या ब्रशने रेघेच्या एका टोकाला टेकवायचं. मिश्रण आपणच धावत दुसऱ्या टोकाला जातं. दहा सेकंदांनी कोरड्या, स्वच्छ ब्रशने वरचं उचलून घ्यायचं आणि मॉडेल तासभर तसंच, विंडस्क्रीन वर ठेवून, हलवायचं नाही.